बेळगावात डिजिटल होमची डीलरशिप उभी करताना

टिळकवाडीत माझं कॉम्प्युटर विक्री आणि दुरुस्तीचं दुकान आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाळीचा हिशोब मांडला, तेव्हा लॅपटॉपच्या विक्रीतून हातात जवळजवळ काहीच उरत नाही हे स्पष्ट दिसलं. गिऱ्हाईक येतं, मॉडेल हाताळून बघतं, मोबाईल काढून ऑनलाइन दर दाखवतं, आणि त्या दरात मला माल खरेदीलासुद्धा मिळत नाही. त्याच दिवाळीत विचारणा मात्र वेगळ्याच गोष्टींची होत होती. घराला कॅमेरे बसवून द्याल का, वरच्या मजल्यावर वाय-फाय पोचत नाही त्याचं काय करायचं, पुण्याचा मुलगा म्हणतोय बोटानं उघडणारं कुलूप लावा, ते मिळतं का. ही सगळी कामं मी दुसऱ्यांकडे पाठवत होतो. घरातले कॅमेरे, वाय-फाय, स्मार्ट कुलपं, म्हणजे ‘डिजिटल होम’ची ही कामं आपणच करायची असं ठरवलं. नोव्हेंबर २०२५ पर्यंत काम बऱ्यापैकी मार्गी लागलं. बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी, चिकोडी या पट्ट्यात ज्यांचं छोटं दुकान आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय, कारण सीमेवरच्या धंद्याच्या काही अडचणी फक्त आपल्याच आहेत आणि त्या कुठल्याही कंपनीच्या डीलर मीटिंगमध्ये सांगत नाहीत.

सुरुवात सीएकडून केली. माझं दुकान जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत होतं. वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत असेल तर व्यापाऱ्याला त्यात विक्रीवर १ टक्का भरून मोकळं होता येतं. हिशोब सोपा, पण त्यात गिऱ्हाइकाला कराचं बिल देता येत नाही, खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, आणि राज्याबाहेर माल पुरवता येत नाही. ही शेवटची अट आपल्याला सगळ्यात जड जाते. वेंगुर्ला रोडनं निघालं की बाची, आणि बाचीच्या पुढे शिनोळी म्हणजे महाराष्ट्र. चंदगड तालुक्यातली माणसं बाजाराला, दवाखान्याला, लग्नाच्या बस्त्याला बेळगावातच येतात. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्यांतही तिकडचे पुष्कळ.

जो माल जागेवर नेऊन बसवून द्यायचा, त्याचं पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे तो जिथे बसवला ती जागा, असं कायदा सांगतो. चंदगडच्या घराला मी कॅमेरे बसवले की ती आंतरराज्य विक्री झाली आणि तिला आयजीएसटी लागला. गिऱ्हाइकाला फरक काहीच नाही. बेळगावात केंद्राचे ९ अधिक राज्याचे ९, चंदगडात सरळ १८ टक्के. पण कंपोझिशनवाल्याला ते बिल करताच येत नाही. शिवाय बसवणावळ ही सेवा धरतात, आणि या योजनेत सेवेचं उत्पन्न उलाढालीच्या १० टक्के किंवा ५ लाख, यात जे जास्त असेल तेवढंच चालतं. आणि या धंद्यात कमाई आहे ती मजुरीतच.

म्हणून १ एप्रिल २०२५ पासून नियमित करदाता व्हायचं ठरलं. बाहेर पडण्याचा अर्ज सीएमपी-०४. वर्षाच्या मध्येही तो देता येतो, पण सीएनं वर्षाची सुरुवात धरायला सांगितलं, कारण मग एकाच वर्षात दोन प्रकारची विवरणपत्रं भरावी लागत नाहीत. त्यानंतरचं एक काम बरेच जण सोडून देतात. बाहेर पडताना दुकानात जो माल शिल्लक आहे, त्याच्या खरेदीवर भरलेला कर आयटीसी-०१ भरून परत जमेला घेता येतो. मुदत ३० दिवसांची. एक वर्षापेक्षा जुनं खरेदी बिल त्यात धरत नाहीत, आणि रक्कम २ लाखांच्या वर असेल तर सीएचं प्रमाणपत्र लागतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्री दुकान बंद करून आम्ही राऊटर, हार्ड डिस्क, केबलची बंडलं बिलांशी ताडून लिहून काढली. जमेला आलेली रक्कम अठ्ठावीस हजारांच्या आसपास होती. नव्या धंद्याच्या पहिल्या महिन्यात तेवढे पैसे फार उपयोगी पडले.

कागदपत्रांची बाकी धावपळ डिसेंबरपासूनच चालू होती. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधारवर ऑनलाइन आणि पूर्ण मोफत होते. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं आहेत, तिकडे जाऊ नका. व्यवसाय कर वर्षाला २,५००. दुकान नोंदणी कामगार खात्याच्या ई-कार्मिक पोर्टलवर, पाच वर्षांसाठी. महापालिकेच्या ट्रेड लायसन्समध्ये व्यवसायाचा प्रकार वाढवून घ्यायचा होता. त्याला वेळ लागला, कारण भाडेकराराची नोटरी प्रत आणि मालमत्ता कर भरल्याची पावती लागते आणि ती पावती घरमालकाकडे असते. आमचे घरमालक त्या वेळी मुलीकडे बेंगळुरूला गेले होते. ते येईपर्यंत तीन आठवडे नुसते गेले. पावती आधी मिळवा, मग अर्ज करा. अर्ज आणि सूचना कन्नडमध्ये असतात. माझ्याकडे काम करणारा मुलगा बैलहोंगलचा आहे, तो ओळीओळीनं वाचून सांगायचा आणि मी भरायचो. ज्यांना कन्नड वाचता येत नाही त्यांनी अशा कामाला सोबत कुणीतरी न्यावं; काउंटरवरची माणसं नीट विचारलं तर नीट सांगतात, हा माझा अनुभव आहे.

दुकानाचा फलकही याच वेळी बदलला. कन्नड भाषेच्या कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात फलकावर ६० टक्के कन्नड असावं लागतं. वर मोठ्या अक्षरात कन्नड, खाली मराठी आणि इंग्रजी, असा साडेआठ हजारांत नवा फलक करून घेतला. माझी गिऱ्हाइकं तिन्ही भाषांतली आहेत, त्यामुळे तिन्ही फलकावर असणं मला हवंच होतं.

भांडवलाचं म्हणाल तर एकूण साडेसहा लाख लागले. पाच लाख मुद्रा योजनेच्या किशोर गटातलं कर्ज, बाकी घरचे. मुद्राला तारण लागत नाही, पण बँक कागद भरपूर बघते: दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं, जीएसटीची विवरणपत्रं, उद्यम प्रमाणपत्र, मालाची कोटेशनं, भाडेकरार. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज दिला, पैसे मार्चच्या मध्याला आले. मधल्या काळात कोटेशनची मुदत संपली आणि ती परत नव्यानं आणावी लागली. कोटेशन घेताना वैधता ९० दिवसांची लिहून घ्या, हा त्रास वाचेल.

डीलरशिपसाठी हुबळीच्या एका वितरकाकडे गेलो. कंपनीकडून राष्ट्रीय वितरक, त्याच्याकडून विभागीय वितरक, मग आपण, अशी ही साखळी. आपल्यापर्यंत येईस्तोवर कॅमेऱ्यावर ५ ते ८ टक्के सुटतात, त्यातूनच गिऱ्हाइकाला सूट द्यायची. जीएसटी प्रमाणपत्र, पॅन, रद्द केलेला चेक, दुकानाचे फोटो एवढ्यावर खातं उघडलं. पहिले तीन महिने माल रोखीनं, त्यानंतर २१ दिवसांची उधारी, तीही पुढच्या तारखेचे चेक देऊन. "एकदम मोठी ऑर्डर टाका, वरची स्कीम मिळेल," असा आग्रह झाला. मी ती स्कीम सोडली आणि अजूनही तेच बरोबर वाटतं. त्याचं कारण पुढच्याच महिन्यात समोर आलं.

९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा नवा नियम लागू झाला. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं तो २०२४ मध्येच काढला होता. कॅमेऱ्याच्या आत बाहेरच्या कुणाला शिरता येतं का, माहिती कूटबद्ध होऊन जाते का, सॉफ्टवेअर सुरक्षितपणे अद्ययावत होतं का, याची प्रयोगशाळेत तपासणी झाल्याशिवाय बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी मिळत नाही. घराघरांत लागणाऱ्या वस्तूला हे हवंच होतं, असं माझं ठाम मत आहे. पण त्या एप्रिल-मे महिन्यांत बाजारात उलथापालथ झाली. स्वस्तातले अनेक ब्रँड दिसेनासे झाले, वितरकाकडे एक मॉडेल मागितलं की दुसरं यायचं, दरपत्रक दर आठवड्याला बदलायचं. ज्यांनी मार्चमध्ये गोदाम भरून ठेवलं होतं त्यांना, यातला कुठला माल नव्या नियमात बसतो, हे सांगत बसावं लागलं. मी तेव्हापासून एक रीत पाडली. खोक्यावर आर आणि त्यापुढे आठ आकडे असा नोंदणी क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये गिऱ्हाइकासमोर टाकतो आणि नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दाखवतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. "ऑनलाइन यापेक्षा हजारानं कमी आहे की हो," म्हणणाराही ते बघून जरा थांबतो.

एप्रिलच्या अखेरीस अनगोळमधल्या एका घरातून वाय-फायचं काम आलं. चिऱ्याचं जुनं घर, भिंती दीड फुटाच्या. इंटरनेट कंपनीचा राऊटर पुढच्या खोलीत, आणि मुलीचं वर्क फ्रॉम होम माडीवर. त्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अक्षरशः पुढच्या खोलीपर्यंतच जातो, २.४ चा थोडा आत शिरतो. आधी कुणीतरी प्लगमध्ये लावायचा एक्स्टेंडर देऊन गेलं होतं. तो जिथे लावला होता तिथे मुळात सिग्नलच अर्धा, मग पुढे तो काय देणार? आम्ही जिन्याच्या कडेनं कॅट-६ केबल वर नेली आणि माडीवर छताला ॲक्सेस पॉइंट (केबलवरून वाय-फाय देणारं यंत्र) लावला. साडेसात हजारांचं काम, त्यात आमची मजुरी दोन हजार. त्या गल्लीतून पुढच्या दोन महिन्यांत आणखी कामं आली, सगळी तोंडी ओळखीवर. बेळगावात चिऱ्याची आणि दगडी घरं असंख्य आहेत. पुण्या-बेंगळुरूच्या फ्लॅटसाठी बनवलेली तयार पाकिटं तिथे चालत नाहीत, आणि नेमकं तिथेच स्थानिक दुकानदाराचं काम सुरू होतं. केबल घेताना शुद्ध तांब्याची घ्या. ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली निम्म्या दरात मिळते, पण ती कॅमेऱ्याला लांबवर वीज नीट पोचवत नाही. टोक सोलून चाकूनं खरवडलं की आतलं पांढरं लगेच दिसतं.

स्मार्ट स्विचचं गणित आणखी वेगळं. त्या स्विचच्या आतली चिप सतत चालू असते, म्हणून बहुतेक मॉडेलना बोर्डात न्यूट्रलची तार लागते. ज्या बोर्डावर प्लगपिन आहे तिथे न्यूट्रल असतो; नुसत्या दिव्याच्या बोर्डावर, जिन्यातल्या टू-वे बोर्डावर बऱ्याचदा नसतो. शहापूरच्या जुन्या वाड्यांत लाकडी पट्टीतलं वायरिंग आहे, तिथे तर अर्थिंगपासून सुरुवात. त्यामुळे कोटेशन देण्याआधी प्रत्येक बोर्ड उघडून फोटो काढायचा, हे आम्ही ठरवूनच टाकलंय. आणि २३० व्होल्टच्या फिटिंगला हात लावायचा तर परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदार हवा. वडगावच्या एका जुन्या जाणत्या कंत्राटदारांशी मी दिवसाच्या मजुरीवर ठरवलंय. ते आमच्या पोरांना काम शिकवतात, ही वरची मिळकत. कुलपांचंही तसंच. सागवानी जाड दार, त्याला कडी-कोयंडा, आणि मध्ये नक्षीची चौकट. दाराची जाडी आणि चौकटीची रुंदी मोजल्याशिवाय स्मार्ट लॉकचा आगाऊ पैसा घेऊ नका.

मे महिन्यातल्या वळवानं पहिला मोठा धडा दिला. खानापूर भागातल्या एका मळ्यातल्या घरावर विजा कडाडल्या त्या रात्री एनव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र), पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा) आणि दोन कॅमेरे एकदम गेले. घरापासून गोठ्यापर्यंत तांब्याची केबल उघड्यावरून गेली होती, आणि आधीच्या माणसानं ती तशीच ओढलेली होती. विजेनं जळालेल्या मालाला वॉरंटी नसते, हे मालकांना तिथे पहिल्यांदा कळलं. आता दोन इमारतींच्या मध्ये आम्ही काचेच्या तंतूची फायबर केबलच टाकतो, दोन्ही टोकांना ती साध्या केबलला जोडणारे मीडिया कन्व्हर्टर. काच वीज वाहून नेत नाही. एका कामाला अडीच-तीन हजार जास्त लागतात. मालक का-कू करतात, मग मी त्या जळालेल्या स्विचचा फोटो दाखवतो. कोटेशनवर वॉरंटीत काय बसत नाही ते मराठी आणि कन्नड दोन्हीत छापून घेतलंय आणि त्याखाली सही घेतो.

शेतातल्या कॅमेऱ्यांना मागणी मी धरली होती त्याच्या कितीतरी पट निघाली. मोटार, केबल, स्टार्टर चोरीला जातात, आणि मळ्यात ना वाय-फाय ना भरवशाची लाईट. तिथे सिमकार्डवर चालणारा सोलर कॅमेरा बसतो. पण उसाच्या शेताचा अभ्यास करून बसवावा लागतो. लागणीच्या वेळी सगळं रान उघडं दिसतं, आणि दहा महिन्यांनी तोच ऊस डोक्याच्या वर जाऊन कॅमेऱ्यापुढे उभा राहतो. वाऱ्यानं पाती हलली की रात्रभर मोबाईलवर सूचना वाजतात, आणि तिसऱ्या दिवशी शेतकरी सूचना बंदच करून टाकतो. हुक्केरीकडच्या एका शेतकऱ्यानं फोन करून विचारलं, "दादा, कॅमेरा चालालाय, पण ह्यो दर घडीला कोण आलंय म्हणून सांगालाय. रानात तर कोण न्हाई." तेव्हापासून आम्ही कॅमेरा रानाकडे न लावता मोटारीच्या खोलीच्या दाराकडे आणि पायवाटेकडे लावतो, आणि ॲपमध्ये तेवढाच चौकोन आखतो. जून-जुलैच्या झडीत खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. तिथे सोलर बॅटरी उतरणार, हे विकतानाच सांगायचं. सिम कुठल्या कंपनीचं चालतं तेही आपण आधी जागेवर दोन-तीन सिम घालून बघायचं, गिऱ्हाइकाच्या सांगण्यावर जायचं नाही.

वडगावच्या मागवाल्यांकडे आणखी एक गोष्ट लक्षात आली. यंत्रमागाच्या खोलीत कापसाची तूस सतत उडत असते. घुमटाकार कॅमेऱ्याच्या काचेवर ती बसली की रात्री चित्र पांढरं दिसतं. तिथे नळीच्या आकाराचा बुलेट कॅमेरा लावायचा आणि महिन्याला मऊ ब्रशनं पुसायला सांगायचं.

जुलैमध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून अनेक छोट्या दुकानदारांना व्यापारी कर खात्याच्या नोटिसा आल्या. गल्लीत घबराट होती. मी तोवर नियमित नोंदणीत आलो होतो आणि सगळी बिलं जागेवर होती, त्यामुळे झोप शांत लागली. ज्यांचा हिशोब वहीत एक आणि क्यूआर कोडवर दुसरा आहे, त्यांनी घरगुती कामाच्या या धंद्यात उतरण्याआधी तो जुळवून घ्यावा. इथे बहुतेक पैसे यूपीआयनंच येतात.

गणपतीच्या आधी कामांचा जोर सुरू झाला. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे आणि आसपासच्या गावांत फौजेतली माणसं भरपूर. सुट्टीवर आलेला जवान परत जाण्याआधी घराला कॅमेरा लावून जातो, घरी आई-वडील किंवा बायको-मुलं असतात. परदेशी गेलेल्यांचंही तेच. अशा घरात काम करताना पैसे देणारा एक असतो आणि कॅमेऱ्यासमोर राहणारं माणूस दुसरं. हिंदवाडीत एका आजींनी मला हळूच विचारलं, "तो मला जेवताना बघेल होय रे? मी परकर-चोळीवर असते घरात." मुलाला सोफ्याच्या वरच्या कोपऱ्यात कॅमेरा हवा होता. मी त्याला फोन लावला, आजींचं म्हणणं सांगितलं आणि दार, गॅलरी आणि मागचं परसू एवढंच धरलं. पडल्या-झडल्या तर कळावं म्हणून पलंगाशेजारी मोठं बटण दिलं, ते दाबलं की मुलाच्या आणि शेजारच्या वहिनींच्या मोबाईलवर सूचना जाते. कॅमेऱ्यापेक्षा ते बटण स्वस्त, आमचा नफाही कमी. पण त्या घरात तेच योग्य होतं. घरात राहणाऱ्या बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारल्याशिवाय आतल्या खोलीत कॅमेरा लावायचा नाही, हा नियम मी पोरांना पहिल्या दिवशी सांगतो.

त्याच्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे पासवर्ड. आमच्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्या कितीतरी घरांत कॅमेऱ्याचं खातं बसवणाऱ्याच्याच मोबाईलवर असतं. तो माणूस गाव सोडून गेला, नंबर बदलला, आणि मालकाला स्वतःच्या घराचं चित्र दिसेना. शिवाय तोवर तो तिकडे बसून ते बघू शकत होता, याचा विचारही कुणी केलेला नसतो. आम्ही खातं मालकाच्या नंबरवर, त्यांच्याच हातानं उघडतो. कारखान्यातून आलेला पासवर्ड त्यांच्यासमोर बदलतो आणि टाइप करताना मान दुसरीकडे वळवतो. यंत्राखालच्या स्टिकरचा फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये ठेवतो. ॲप बहुधा इंग्रजीत असतं, म्हणून चित्र कसं बघायचं, मागचं कसं काढायचं, कुणाला दाखवायचं असेल तर काय करायचं, एवढं मराठी आणि कन्नडमध्ये लिहून लॅमिनेट केलेला एक कागद टीव्हीशेजारी चिकटवून येतो. छपाई पंधरा रुपये. फोनवरचे निम्मे प्रश्न त्यानं थांबले.

रेकॉर्डिंग किती दिवस राहील, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो, म्हणून हिशोब सांगून ठेवतो. दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे, प्रत्येकी साधारण २ एमबीपीएस धरले तर दिवसाला ८६ जीबी होतात. १ टीबीच्या डिस्कवर दहा-अकरा दिवस. कुणाला महिनाभर हवं असेल तर ४ टीबीच घ्यायला सांगा. आणि राऊटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस नक्की द्या, बाराशे-पंधराशेचा असतो. लाईट गेली की इन्व्हर्टरवर पंखा चालतो आणि राऊटर बंद, हे दृश्य आपल्याकडे घरोघरी आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. दसरा-दिवाळीत मोठे टीव्ही आणि त्यांच्या सोबतीनं साउंडबार, भिंतीवरचं फिटिंग, टीव्हीपर्यंत केबल अशी कामं वाढली. "मग कॅमेऱ्याचे का कमी झाले नाहीत?" असं बरेच जण विचारायचे, कॅमेरे आधीपासूनच १८ मध्ये होते, एवढंच उत्तर. टीव्ही बहुतेकांनी ऑनलाइन घेतला. आम्ही तो बसवून दिला. ऑनलाइन घेतलेला माल बसवायला नकार देणारे दुकानदार मी बघितलेत. माझं म्हणणं उलट आहे. कॅमेरा कुठूनही घेतलेला असो, नोंदणी क्रमांक तपासून बसवायचा, एका कॅमेऱ्याला ५०० रुपये आणि केबल वेगळी, वस्तूची वॉरंटी ज्याची त्यानं बघायची, हे बिलावर लिहायचं. त्या घरात एकदा पाय पडला की वर्षाच्या देखभालीचा करार मिळतो.

तो करार, म्हणजे एएमसी, हाच या धंद्याचा कणा आहे, असं वर्षभराच्या वह्या बघून म्हणतो. चार कॅमेऱ्यांच्या घराला वर्षाला अडीच हजार: दोन भेटी, काच पुसणं, डिस्क तपासणं, सॉफ्टवेअर अद्ययावत करणं, बिघाड झाला तर दुसऱ्या दिवशी माणूस. माल विकून मिळालेला नफा आणि मजुरी-एएमसी वेगळी काढली, तर ऑक्टोबरपर्यंतच्या कमाईत मालाचा वाटा जेमतेम एक तृतीयांश निघाला. कर्जाचा हप्ता आणि दोन पोरांचा पगार मजुरीतून भागतो.

चंदगडची कामं आता महिन्याला तीन-चार असतात. ५० हजारांच्या वरचा माल नेताना ई-वे बिल (माल वाहतुकीचं ऑनलाइन पत्र) गाडी निघण्याआधी काढायचं. त्याखाली असेल तर कराचं बिल सोबत ठेवायचं. बिलावर महाराष्ट्राचा कोड २७ पडलाय ना, एवढं बघायचं, कारण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सवयीनं कर्नाटकाचा २९ च पडतो. निपाणीच्या बाजूची विचारणाही येते, पण दुसऱ्या दिवशी माणूस पाठवण्याचा शब्द तिथपर्यंत पाळता येणार नाही, म्हणून ती अजून घेत नाही. तिथल्या कुणा वायरमनशी बांधून घेता आलं तर पुढे बघू.

तुम्हीही १ एप्रिलला कंपोझिशन सोडणार असाल, तर सीएशी आधीच्या डिसेंबरातच बोलून घ्या, मार्चमध्ये त्यांना मान वर करायला वेळ नसतो. खरेदीची बिलं तारखेप्रमाणे लावून ठेवा. त्या तारखेच्या एक वर्षापेक्षा आधीचं कुठलंच बिल शिल्लक मालाच्या वजावटीत चालणार नाही. तो जुना माल मार्चअखेरपर्यंत विकून टाका.